नाव आटोपशीर ठेवा

पवनचक्क्यांच्या वसाहतीतल्या शिशुगृहात जुईचं फार कौतुक होतं. आठ महिन्यांची पोर, पण रडणं म्हणून ठाऊक नाही. तिची आई विशाखा चक्क्यांची पाती दुरुस्त करायला उंच चढे, तेव्हा खाली पाळण्यांच्या रांगा आपोआप झुलत, दूध पाजत, पाठ थोपटत. इथल्या आणि इतर वसाहतींतल्या साऱ्या पाळण्यांना मेंदू मात्र एकच. त्याचं नाव ‘कूस’.

“बघितलंत वन्सं, भाची कशी गुणाची निघाली! तुमच्या भावाचं काही घेतलं नाही हो. ते अजून रडतात, आमटीत मीठ कमी पडलं तरी,” नुकतीच खाली उतरलेली विशाखा नणंदेला म्हणाली.

शाल्मली हसली. धाकट्या भावाच्या लेकीला वाळे घेऊन ती आज पहिल्यांदाच इथे आली होती. ती कूसच्या गाभ्याची परीक्षक होती. गाभा म्हणजे यंत्राच्या अगदी आतल्या, बाकी सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या आज्ञा. इतरांनी लिहिलेल्या ओळी तपासायच्या, नावं नेटकी आहेत ना, कंस मिटलेत ना, हे पाहायचं आणि मगच त्या आत जाऊ द्यायच्या, हे तिचं काम.

वाळे घालताना तिला दिसलं, जुई मूठ चोखतेय. इतकी की मनगटापाशी कातडी पांढरी पडलेली.

“हिला भूक लागलीय गं.”

“छे! लागली असती तर रडली नसती?”

शाल्मलीने मूठ हळूच बाजूला केली. जुईची हनुवटी थरथरली, तोंड उघडलं. आवाज आला नाही. मूठ परत तोंडात गेली. शेजारच्या पाळण्यातलं बाळ भोकाड पसरून रडत होतं आणि यंत्राचा मऊ हात बाटली घेऊन तिकडे वळला होता.

शाल्मलीने पिशवीतली पाटी काढून कूसच्या नोंदी उघडल्या. दूध पुरेपूर, वजन चोख. म्हणूनच कुणाला काही खटकलं नव्हतं. फक्त पाळी सगळ्यांत शेवटची, रोज. आणि जुईच्या नावापुढे एक शब्द: दुय्यम.

तिचे कान तापले. तो शब्द तिचाच होता.

गाभ्यात एकच लांबलचक आज्ञा ठिकठिकाणी लागते, तेव्हा तिला एक छोटं नाव देतात. त्याला मॅक्रो म्हणतात. घरात आपण ‘फोडणी कर’ म्हणतो, तेल, मोहरी, हिंग सांगत बसत नाही, तसं. जुन्या यंत्रांना या नावाशी देणंघेणं नसे. नावाच्या जागी आज्ञा बसली की नाव गळून जाई. दगड म्हणा की देव म्हणा. पण आता यंत्रं अर्थवाचक झाली होती. माणसाच्या भाषेत लिहिलेला गाभा ती वाचून समजून घेत आणि आज्ञेत जिथे स्पष्ट सांगितलेलं नसेल, तिथे नावावरून ताडत.

यासीन तांबोळी या नव्या मुलाने गप्प बाळांसाठीच्या अशा एका मॅक्रोला नाव दिलं होतं: रडत_नाही_म्हणून_नंतर_पण_विसरायचं_नाही. शाल्मलीने सगळ्यांच्या देखत शेरा मारला होता, “हे नाव आहे की लग्नपत्रिका? आप्तेष्टांसह लिहायचं राहिलं का? नाव आटोपशीर ठेवा. ‘दुय्यम’ पुरे.” गटात हशा पिकला. यासीननेही हसरा चेहरा टाकला आणि नाव बदललं. पुढे तो शेरा नवशिक्यांना नमुना म्हणून दाखवू लागले. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आणि कूसने ‘दुय्यम’वरून ताडलं होतं: एकदा गप्प राहिलेलं बाळ कायमचं मागे, मग ते रडलं तरी.

“काय झालं वन्सं? चेहरा का असा?”

“काही नाही. यंत्रात थोडा बिघाड आहे.”

म्हणताना तिला विशाखाकडे बघवेना.

“बिघाड नाही, विशाखा. मी केलंय.” आणि तिने सगळं सांगितलं, लग्नपत्रिकेच्या विनोदासकट.

विशाखा ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे माझी पोर गुणाची नाहीये.”

“विशाखा...”

“थकलीय ती. हाका मारून.” तिने बाहीने जुईचं मनगट पुसलं. “आणि मी जगाला सांगत फिरले, त्रास म्हणून नाही हो हिचा. बदला ते. आत्ता, माझ्यासमोर.”

शाल्मलीने तिथेच भुईवर बसून यासीनचं नाव जसंच्या तसं परत घातलं. गटाला कारण कळवलं, स्वतःच्या नावानिशी. संमती लगेच आली. कूसला लाज नसते, सवयही नसते. तिने नवं नाव वाचलं आणि साऱ्या वसाहतींतले मऊ हात क्षणभर थबकले. मग गप्प असलेल्या पाळण्यांकडे वळले.

बाटली जुईच्या ओठांशी आली. कोमट दुधाचा थेंब हनुवटीवर ओघळला.

जुईने तोंड उघडलं नाही. तिने मान वळवून शेजारच्या पाळण्याकडे पाहिलं. तिथलं बाळ पुन्हा रडत होतं.

“घे ना गं बाय,” विशाखा वाकून म्हणाली. “तुझंच आहे.”

जुई तिकडेच बघत राहिली, ओठ घट्ट मिटून, त्याचं आधी होऊ देत.