ज्याचं नाव त्याच्या ओठी

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. तिला भिंती नाहीत, कारण ती फोनमध्ये आहे. आत पुष्कळ माणसं गप्पा मारताहेत, पण प्रत्येकाने टोपणनाव घेतलंय. आता सांगा, दारावर सगळ्यांच्या खऱ्या नावांची पाटी लावायची का? आणि लावलीच, तर ती वाचायची कुणी?

आपल्या गोष्टीतल्या चष्मेवालीला याच प्रश्नाने भंडावून सोडलं होतं.

ती चष्म्यांच्या दुकानात काम करायची. शाळा सुटली की तिची भाची तिथेच उंच स्टुलावर येऊन बसे. घरी तिला टिंबू म्हणत. टिंबू बोलताना अडखळायची, म्हणून हल्ली बोलणंच टाळायची. परक्या माणसाने नाव विचारलं तर मान खाली घालायची. तिच्यासाठीच मावशी अडखळत बोलणाऱ्यांच्या फोनवरच्या एका गटात शिरली, 'पूर्णविराम' हे नाव घेऊन, आणि बघता बघता गटाची ॲडमिन झाली. दुसरा ॲडमिन 'स्वल्पविराम'. त्याची खोड अशी, की प्रत्येक निरोप तो स्वल्पविरामानेच संपवायचा. गटाचा नियम एकच होता: दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. 'दुसऱ्याच्या शब्दांची हमाली नको,' असं पूर्णविराम तिथे गमतीने लिहायची.

एका दुपारी पाऊस भुरभुरत होता. एक तरुण मोडका चष्मा घेऊन आत आला.

"याची का... का..."

काडी! शब्द तिच्या जिभेवर आला होता. तिने तो गिळला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"...काडी निखळलीय." मग तो नवलाने म्हणाला, "तुम्ही थांबलात! लोक तोंडात शब्द कोंबून मोकळे होतात."

"तुमचा शब्द तुम्ही आणा. मी कशाला हमाली करू?"

तो खळखळून हसला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे जरा हरवल्यासारखे दिसत होते... आणि तिच्या हातातला बारीकसा स्क्रू टप्पकन खाली पडला.

"चला, शो... शोधू," तो वाकत म्हणाला. "मला तर जमीनही दिसत नाहीये!"

स्क्रू काही सापडला नाही. "नवा घालावा लागेल. उद्या या," ती म्हणाली. जाताना त्याने चष्म्याच्या पाकिटावर लिहिलं — 'सावकाश करा, घाई नाही,'

शेवटी स्वल्पविराम! तिने पाकीट पुन्हा वाचलं.

तोच असेल का? एका टिचकीत कळलं असतं. सभासदांची यादी ॲडमिनना दिसत होती, खऱ्या नावांसकट आणि फोटोंसकट. त्यातच गटात वाद पेटला होता. काही जण म्हणत, यादी सगळ्यांना दिसू द्या, लपायचं कशाला? एकीने लिहिलं होतं, 'माझ्या ऑफिसात कळलं तर? मी गट सोडीन.' निर्णय दोघा ॲडमिननी घ्यायचा होता.

चष्मेवालीचं कामात लक्ष लागेना. बोट यादीकडे जायचं, चटका बसल्यासारखं मागे यायचं.

"मा... मावशी, तुला मुंग्या चावतात का गं?"

"मला एकाचं नाव हवंय, टिंबू. उघडलं की दिसेल."

"मग उ... उघड ना!"

"त्याने सांगितलेलं नाही गं अजून."

टिंबूने पाय हलवणं थांबवलं. "म्हणजे त्याचं वा... वाक्य तू पुरं करणार?"

मावशीने फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलून तिने स्वल्पविरामाला लिहिलं, 'यादी कुणालाच दिसू नये. आपल्या दोघांनाही नाही. ज्याला वाटेल त्याने आपलं नाव आपण सांगावं.' पाठवलं, आणि ती परत परत फोन बघू लागली. त्याने कधी सांगितलंच नाही तर?

उत्तर आलं, 'कबूल. आता मला एका नावासाठी चालत यावं लागेल,'

दुसऱ्या दिवशी तो आला. भिजलेला. तिने चष्मा पुढे केला, त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"मी... स्व... स्व..."

शब्द तिच्या तोंडात मावत नव्हता. तिने टेबलाची कड घट्ट धरली. पागोळ्या टपटपत होत्या.

"...स्वल्पविराम. तुमची ती ह... हमाली गटातही वाचलीय मी. शंका आली होती. पण यादी उघडली नाही."

"मीही नाही. किती तळमळले, विचारा हिला!"

"पूर्णविरामानंतर काय ये... येतं?"

"नवं वाक्य." तिने नजर खाली वळवली. "सुरू तुम्ही करायचं."

"तुम्ही मला... आ... आवडता."

"मला... म... मला..." कधीच न अडखळणारी चष्मेवाली लालबुंद झाली.

टिंबू खुदकन हसली. "चालू दे मावशी, आम्ही थां... थांबलोय!"

"...मलाही!"

तशी टिंबू स्टुलावरून उडी मारून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला आणि आपलं खरं नाव सांगायला सुरुवात केली. पहिल्याच अक्षरावर अडखळली. दोघंही गप्प राहिली. तिने मोठा श्वास घेतला आणि शेवटच्या अक्षरापर्यंत, मान वर ठेवून, स्वतःचं नाव स्वतः सांगितलं.