मॅग्पाय ओढ्यावरचे दोन खुंट

सोमवारी सकाळी कॉरिन होगनला कळलं की बाबांचा सोन्याच्या खाणीचा पट्टा गेला.

ती खाण कचेरीत फक्त नकाशा घ्यायला गेली होती. बाहेर व्हॅनमध्ये मॅनिटोबाहून आलेले तिचे पर्यटक, पेनर नवराबायको, बसले होते. त्यांना डॉसन गाव दाखवून झालं होतं, आता टूमस्टोनच्या उद्यानात न्यायचं होतं. खिडकीमागच्या व्हर्नाने नकाशा पुढे केला, पण तो हातातून सोडला नाही.

"मॅग्पाय ओढ्याचं नूतनीकरण केलंस ना गं?"

"ते बाबा करतात," कॉरिन म्हणाली.

बाबा जानेवारीत गेले होते. दर वसंतात ते या खिडकीशी यायचे, सही करायचे, व्हर्नाशी थोडं भांडायचे आणि जायचे. या वर्षी कुणी आलंच नव्हतं.

"मुदत शुक्रवारी संपली," व्हर्ना हळूच म्हणाली. "आता जमीन मोकळी आहे. जो खुंट ठोकेल त्याची. तुझ्या जागी मी असते ना, तर अजून इथे उभी राहिले नसते."

कॉरिन पळतच व्हॅनमध्ये येऊन बसली.

"पेनरबाई, उद्यान जरा उशिरा पाहिलं तर चालेल?"

"का गं? रंग उडालाय तुझ्या तोंडाचा."

कॉरिनने सांगितलं. पेनरबाई आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या. अर्धं ऐकूनच त्यांनी सीटचा पट्टा आवळला. "मग गाडी चालवायची सोडून गोष्ट काय सांगतेस? मेल्विन, तो थर्मास घट्ट धर."

मेल्विनरावांनी थर्मास धरला. ते बोलत नसत, पण धरायला सांगितलेलं सोडत नसत.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या खोदाईचे दगडगोट्यांचे ढीग मागे पळत होते.

"दोन खुंट लागतात," ती गाडी हाकता हाकता सांगत होती. "एक वरच्या टोकाला, एक खालच्या. तासायचे, नाव लिहायचं, रोवायचे."

"आणि दोन माणसं आली तर?"

"ज्याचे दोन्ही आधी, त्याची जमीन."

"मग पळ," पेनरबाई म्हणाल्या, कारण गाडी थांबली होती.

वरच्या टोकाला कॉरिनने स्प्रूस झाडांचे दोन वाळके बुंधे तोडले, दोन्ही तिथेच तासले. पहिल्यावर नाव लिहिलं. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने घाव घालून तो रोवला. इथली जमीन वरवरच विरघळते, खाली बर्फच असतो; घावाशिवाय खुंट आत जात नाही. दुसरा खुंट खांद्यावर घेऊन ती ओढ्याच्या काठाने खाली निघाली.

वाळुंजाच्या झुडपांत पाय रुतत होते, डास डोळ्यांत जात होते. एका वळणावर समोरची फांदी बाजूला झाली… आणि एक माणूस पुढे आला. उंच, चिखलाने माखलेला, कपाळावर डास चावल्याच्या गांधी. त्याच्याही खांद्यावर खुंट होता.

दोघं थांबले. आधी एकमेकांकडे पाहिलं, मग एकमेकांच्या खुंटाकडे.

"खाली रोवलास?" तिने विचारलं.

"रोवला. वर तुझा?"

"माझा."

"वा," तो म्हणाला, आणि हसला. असं हसू भलत्या वेळी हसणाऱ्या माणसाचा खरं तर राग यायला हवा होता. "मी लायल ऑस्टबी. अॅटलिन गावचा."

"मी कॉरिन होगन. आणि ही माझी जमीन आहे."

"होगन? ते म्हातारे? पण मला गावात सांगितलं, त्यांच्यामागे कुणी नाही म्हणून."

"मी आहे."

"ते दिसतंय," लायल म्हणाला. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "तीन उन्हाळे दुसऱ्यांच्या जमिनीवर राबलोय मी. ही पहिली माझी होणार होती."

"होणार नाहीये."

"मग आपण इथे गप्पा का मारतोय?"

आणि दोघं धावत सुटले. तो वर, ती खाली.

कॉरिन धडपडत, एकदा गुडघाभर पाण्यात पडत खालच्या टोकाला पोचली. त्याचा खुंट तिथे होता, ताज्या लाकडाचा वास येत होता. तिने आपला शेजारी टेकवला, कुऱ्हाडीसाठी कमरेला हात घातला… आणि मटकन खाली बसली. कुऱ्हाड वरच राहिली होती. इथे हे सगळ्यांचंच होतं. खांद्यावर जड ओझं आलं की दोन्ही हात त्यातच गुंततात. बाबा दर वेळी स्वतःला शिव्या देत परत जायचे.

मग तिला दुसरी कुऱ्हाड दिसली. लायलची. तोही विसरला होता.

तिने ती उचलली. दोन घाव, बस. कोण बघत होतं? पण दुसऱ्याचं हत्यार न विचारता चालवायचं नाही, हे बाबांनी तिला चालायला शिकवण्याआधी शिकवलं असावं. तिने दगडाने ठोकून पाहिलं. दगड फुटला, बोट सोललं, खुंट जागचा हलला नाही.

वर त्याच्या हाताशी तिची कुऱ्हाड होती. एव्हाना त्याचं काम झालंही असेल. बाबांची जमीन गेली. डोळे पुसून ती त्याची कुऱ्हाड परत द्यायला निघाली.

त्याच वळणावर तो समोरून येत होता. हातात तिची कुऱ्हाड.

"झालं रोवून?" तिने विचारलं.

"नाही. तुझं?"

"नाही. कुऱ्हाड तुझी होती."

लायलने हातातली कुऱ्हाड उलटीसुलटी केली. "हिच्या दांड्याला कुणाच्या तरी अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसेना."

"बाबांचा आहे तो."

लायलने त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"सोनं हवंय तुला?"

"नाही रे. त्यांनी जिथे पाठ मोडून घेतली, तिथे दुसऱ्याचं नाव… बघवणार नाही मला."

लायलने तिची कुऱ्हाड तिच्या हातात दिली. देताना बोटं बोटांना लागली, आणि दोघांनीही ती काढायची घाई केली नाही.

"जा, ठोक. माझा खुंट मी उपटतो."

"आणि तू? परत दुसऱ्याकडे?"

"जातो कुठेतरी. सवय आहे."

"माझ्याकडे ये," ती म्हणाली. म्हटल्यावर कान तापले. "म्हणजे… वाळू धुवायला. एकट्या माणसाचं काम नाही ते. अर्धं तुझं."

"कामावर ठेवतेयस, की…"

"आधी गाडीत बस. उद्यानात जायचंय."

तिचा दुसरा खुंट रोवून चिखलाने माखलेले दोघं व्हॅनपाशी आले तेव्हा पेनरबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जमीन आणायला गेलीस, आणि हे काय आणलंस?"

"दोन्ही आणलं," कॉरिन म्हणाली. मेल्विनरावांनी न सांगता सरकून जागा केली.

टूमस्टोनचे डोंगर काळे, सुळ्यासारखे उभे होते. उतारावर बर्फाचे तुकडे आणि पायाशी शेवाळात नखाएवढी पांढरी फुलं. पेनर मंडळी दुर्बिणीतून कॅरिबू हरणांचा कळप बघत होती. कॉरिन आणि लायल एका खडकावर थर्मासच्या झाकणातून आळीपाळीने कॉफी पीत होते. वारा तिचे केस त्याच्या तोंडावर आणत होता. तो ते बाजूला करत नव्हता.

"खरं सांग," ती म्हणाली. "नुसत्या अंगठ्यासाठी परत आलास?"

"नाही." त्याने झाकण खाली ठेवलं. "कुऱ्हाड उचलली होती मी. घाव घालणारच होतो. मग वाटलं… मी जिंकलो तर ही मुलगी माझ्याशी पुन्हा बोलणार नाही."

"एका भेटीत एवढं वाटलं?"

"आमच्याकडे उन्हाळा लहान असतो. आम्ही वेळ घालवत नाही."

"आमच्याकडेही लहानच असतो," कॉरिन म्हणाली, आणि त्याच्या चिखलाच्या बाहीवर डोकं टेकवलं.

मागून पेनरबाईंचा आवाज आला, "मेल्विन, कॅरिबू तिकडे आहेत. इकडे कशाला बघतोस?"

ऑगस्ट आलाय. लायल आता मॅग्पाय ओढ्यावरच तंबू ठोकून असतो. पहिलं बर्फ पडायच्या आत लग्न करायचं ठरलंय, व्हर्नाने जागासुद्धा बघून ठेवलीय. ओढ्याच्या काठाला बाबांची केबिन आहे. दुपारी दोघं तिच्या पायरीवर बसून जेवतात. आत दाराशी बाबांचे बूट आहेत, खुंटीला त्यांचा कोट आहे. ते आवरायला हवं. बाबा गेल्यापासून कॉरिनने अजून ते दार उघडलेलं नाही.