पाच जणांची पट्टी

हेमलताबाई चौगुल्यांनी पुरणाची चिमूट जिभेवर ठेवली आणि घाईघाईनं पदरानं ओठ पुसले. जसे काही पट्टीला ओठ दिसणार होते!

पट्टी दंडावर होती, टिकलीएवढी. ती रक्तातली साखर मोजायची, आणि मन घाबरंघुबरं झालं की घामात उतरणारा ‘ताणरस’सुद्धा. दोन्हींपैकी काहीही चढलं, की पाच सोबत्यांचे फोन वाजायचे. मधुमेहाच्या माणसानं एकटं पडू नये, म्हणून आरोग्य केंद्रानं काढलेली योजना. योजना चांगलीच हो! पण मुलगा, सून, भाऊ, नणंद, शेजारच्या देसाईबाई, सगळ्यांचा एकच प्रश्न: काय खाल्लं? चार महिन्यांत ‘कशी आहेस’ असं एकानं विचारलं नव्हतं. त्या प्रश्नानंच ताणरस चढायचा, की पुन्हा फोन. बाईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

आज एका वास्तुशांतीच्या दोनशे पोळ्या द्यायच्या होत्या. चव घेतल्याशिवाय पुरण जमलं की नाही हे कळणार कसं?

"मालन, दंड पुढं कर," त्या म्हणाल्या. मालन गेली सहा वर्षं त्यांच्याकडे पोळ्या लाटत होती. अंगानं काडी, गोडाला हात लावायची नाही, तोंडानं सदा थट्टा. "दोन तास तुझ्याकडं राहू दे ही. तुला कुठली आलीय साखर!"

मालन मागं सरकली. "नको वो काकी, हात पिठाचा हाय."

काकी कुठल्या ऐकतात! पट्टी तिच्या दंडाला चिकटवून त्यांनी खुशाल दोनदा चव घेतली.

पहिली पोळी तव्यावर पडते न पडते तोच फोन वाजला. मुलगा ओरडत होता, "आई, साखर तीनशे नव्वद! काय खाल्लंस?" मागोमाग भाऊ. "हेमे, ताणपण लाल दाखवतोय. रडतीस का गं?"

हेमलताबाईंनी वळून पाहिलं. मालन मान खाली घालून लाटतच होती. पोळी केव्हाच फाटली होती.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आजारी बाई नको म्हणून काढून टाकशीला, असं वाटलं. रात-दिस पाय जळत्यात, काकी. लई भ्या वाटतं. पर सांगायचं कुणाला?"

हेमलताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन करणाऱ्या पाच जणांवर त्या रोज चिडत होत्या, आणि हाताच्या अंतरावरच्या या बाईला ‘कशी आहेस’ असं त्यांनी तरी कधी विचारलं होतं?

त्यांनी गॅस बंद केला. "ऊठ. केंद्रात जायचं."

"आन् पोळ्या?"

"खड्ड्यात गेल्या पोळ्या!"

केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं. नर्सनं नव्या पट्टीचा अर्ज पुढं केला. पाचही सोबत्यांची नावं भरल्याशिवाय पट्टी सुरूच होत नाही, म्हणाली. हेमलताबाईंनी पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं आणि पेन मालनच्या हातात दिलं. मालननं खालच्या रिकाम्या ओळी मोजल्या. बोटांचं पीठ पेनला लागलं होतं.

"काकी," ती हळूच म्हणाली, "आता खालच्या चार ओळींत कुणाला घालू?"