चूलबंद आवतन

"आज चहा राहू द्या," रमाकांतकाका म्हणाले. पण तोवर भार्गवीनं गच्चीच्या कठड्यावरून खाली हाक मारली होती, "काकू, चहा टाका ना आमचा." खालच्या भाडेकरू काकूंनी "टाकते" म्हटलं.

सतरा फेब्रुवारी, रात्रीचे नऊ. निम्म्या बुलढाण्याची वीज गेलेली. आम्ही कॉलेजात एक जुना इंग्रजी रक्तपिपासूचा सिनेमा दाखवणार होतो, त्यावर बोलणं चाललं होतं. सोहम हसून म्हणाला, "असल्या सिनेमाला आता कोण घाबरतं, काका?"

काकांनी कठड्यावरून खाली पाहिलं. मग म्हणाले, "शेखर हेच म्हणायचा." आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

मी संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला एका शाळेत कारकून होतो. गावाचं नाव सांगत नाही, लोक राहतात तिथं. शेखर आमच्याकडे शिक्षक. तिशीतला, तापट, सगळं उद्याच्या उद्या बदलायला निघालेला. बायको जयमाला, मुलगी इरा. इरा तेव्हा सात वर्षांची.

(आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खालच्या काकूंचं नाव जयमाला. काका म्हणाले, "हो, त्याच. आता मध्ये बोलू नका.")

गावात मारुतीच्या गल्लीत शेवटी एक बंद घर होतं. मालक कोण ते कुणाला सांगता येत नव्हतं. कुलूप गंजून कडीशी एकजीव झालेलं. बाया तिथून जाताना पोरांना कडेवर घ्यायच्या. शेखरला याचा फार राग. म्हणाला, "रमाकांतभाऊ, भूत एकदा पडद्यावर दाखवू. रंग असतो, रक्त नसतं, हे डोळ्यांनी दिसलं की भीती जाते." शाळेचा प्रोजेक्टर होता. त्यानं लंडनकडचा एक जुना रंगीत सिनेमा मिळवला. काळ्या झग्यातला उंच सरदार, दिवसा पेटीत झोपतो, रात्री रक्त पितो. त्याचा एकच नियम. घरातलं कुणी 'या' म्हणाल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.

सिनेमानंतर भरीत-भाकरीचं जेवण ठेवलं. आणि गावाला चूलबंद आवतन द्यायचं ठरलं. म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला बोलावणं. त्या रात्री त्या घरी चूल पेटवायची नाही. आवतन द्यायचं काम गावातल्या वयस्क तुळशीरामनानांचं. उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या आणि मोठ्यानं सांगायचं. नाना सगळं गाव फिरले, बंद घर तेवढं सोडून.

शेखर भडकला. "नाना, एक घर गाळलं म्हणजे तुम्हीच ते भूत पोसता."

"आवतन मस्करीत देत नाहीत, मास्तर."

"मग मी खरंच देतो." चार पोरं हसत मागे निघाली. शेखरनं त्या उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या आणि ओरडला, "चूलबंद आवतन आहे. आत जे कोणी असतील त्यांनी जेवायला यायचं."

आतून कडी हलल्यासारखं वाटलं. वारा असेल, असं मीच म्हणालो.

शनिवार, दोन फेब्रुवारी, दोन हजार एकोणीस. रात्री साडेआठला सिनेमा सुरू झाला. शाळेच्या पटांगणात गाव लोटलं होतं. सरदार पडद्यावर आला तेव्हा लोक शिट्ट्या मारत होते. शेखर खूश. साडेदहाला पंगत बसली. इरा मीठ वाढत होती. पंगतीच्या टोकाशी, उजेड संपतो तिथं, कोणीतरी घोंगडी पांघरून बसलं होतं. इरा तिथं बराच वेळ उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "बाबा, ते आजोबा मीठ नको म्हणतात. काहीच नको म्हणतात."

शेखर गेला. पत्रावळ कोरी होती. माणूस नव्हता.

चार दिवसांनी इरा शाळेत बाकावरच झोपली. तालुक्याला रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसात भरलं. पुढच्या तीन दिवसांत सहावर आलं. शहरातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कुठं रक्तस्राव नाही, जंत नाहीत, काही नाही. शेखरचा आणि तिचा रक्तगट एकच. त्यानं रक्त दिलं. पोरगी दोन दिवस हसली. घरी आणली आणि पुन्हा पांढरी पडली. मी त्याच्याबरोबर रक्तपेढीच्या पायऱ्यांवर बसलेलो आहे. फोनवर अनोळखी माणसांना हात जोडत होता तो. फोनवर हात जोडलेले दिसतात का? पण जोडत होता.

एका पहाटे इरा झोपेत बोलली. "मीठ नाही आणलं, आजोबा..."

त्याच सकाळी शेखर नानांच्या ओसरीवर गेला. मी सोबत होतो. हा माणूस आयुष्यात कुणाच्या पाया पडला नव्हता. नानांच्या पायाशी बसला.

"मी आवतन परत घेतो, नाना. कसं घ्यायचं ते सांगा."

"देल्लं आवतन वापस होत नाही. बोलावून उपाशी पाठवलं बे तू त्याले. थो आता जेवल्याबिगर जात नाही."

"काय वाढू त्याला?"

नानांनी पाय मागे घेतले. मग म्हणाले, "त्याले काय लागते, ते मले काऊन विचारतं? तूच तं दाखवलं सगळ्या गावाले."

शुक्रवार, पंधरा फेब्रुवारी. रात्रीचे अकरा. शेखरनं पुढच्या खोलीत दोन पाट समोरासमोर मांडले. मध्ये रिकामं ताट. मीठ नाही. मला म्हणाला, "तुम्ही जयमाला आणि इराजवळ आत बसा. काही झालं तरी दार उघडू नका."

"शेखर, पुन्हा दवाखान्यात जाऊ. अजून एक डॉक्टर बघू."

"आज ती साडेचारवर आहे, भाऊ."

मी दाराला पाठ लावून बसलो. जयमालानं इराला मांडीवर घेतलं होतं. बाहेर शेखरचा आवाज आला, अगदी शांत.

"या. ताट मांडलंय. पोरीकडे जायचं नाही. माझ्याकडे या."

मग काही नाही.

बाहेरचं दार वाजलं नाही. पावलं वाजली नाहीत. फक्त पाट करकरला.

एकच पाट.

कुत्री गप्प झाली. मला माझा श्वास ऐकू येत होता. जयमालाचा ऐकू येत नव्हता. शेखर एकदा कण्हला... मग तेही नाही.

किती वेळ... सांगता येणार नाही.

उजाडलं तेव्हा इरा उठून बसली. म्हणाली, "आई, भाकर दे." जयमाला रडत रडत हसली. मी दार उघडलं. शेखर भिंतीला टेकून बसला होता, पिंजलेल्या कापसासारखा पांढरा. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. ते तो कधी लावायचा नाही. मला म्हणाला, "जेवले."

त्या दिवशी इराचं रक्त तपासलं. नऊ. कोणतंही औषध न देता नऊ.

मला वाटलं, सुटलो.

रविवारी, सतरा तारखेला, दुपारी जयमाला उंबरा पुसायला गेली आणि मला हाक मारली. उंबऱ्यावर अक्षता होत्या. हळद नव्हती त्यांना. तांबड्या होत्या, वाळलेल्या. नानांना बोलावलं. ते बघून नाना खालीच बसले. "जेवून गेलेला माणूस वापस बोलावतेच. रीत हाय."

"नाही गेलो तर?" शेखरनं विचारलं.

नानांनी आत खेळणाऱ्या इराकडे पाहिलं.

शेखरनं आंघोळ केली. इराला म्हणाला, "जेवायला बोलावलंय, येतो." मी त्याचा हात धरला. हात इतका हलका होता की धरून ठेवता येईना. दिवस मावळताना तो गेला. तासाभरानं आम्ही बॅटऱ्या घेऊन गल्लीत गेलो. बंद घराच्या दारापाशी त्याच्या चपला होत्या. नीट जोडून ठेवलेल्या, आपण पाहुण्याघरी जेवायला जाताना ठेवतो तशा. कुलूप तसंच. गंजसुद्धा खरवडला नव्हता. पोलिसांनी नंतर ते कापलं. आत धूळ होती. पाऊल नव्हतं.

पण मला भीती त्याची नाही. त्या रात्री मी गल्लीतून परत आलो, तेव्हा जयमाला गॅसपुढं उभी होती. इरासाठी दूध तापवायचं होतं. सिलिंडर आदल्या दिवशीच लावलेला. शेजारच्यांची शेगडी आणली, तीही पेटेना. शेजारच्या घरात नेली की पेटायची. नाना दारातूनच म्हणाले, "चूलबंद हाय..."

म्हणजे एकट्याला नव्हतं बोलावलं. सगळ्या घराला होतं.

मी त्याच रात्री दोघींना मोटारसायकलवर घालून इथं आणलं. माझ्याच घरात खाली ठेवलं. तेव्हापासून इथंच आहेत. इरा आता आठवीत आहे.

काका थांबले. सोहमनं मोबाइलवर वेळ पाहिली. दहा वाजून पाच. चहा सांगून तास उलटला होता.

भार्गवी उठून कठड्याशी गेली आणि तिथंच उभी राहिली.

खालून लायटरचा आवाज येत होता.

टक्... टक्...

आणि मग इराचा आवाज. "आई, राहू दे. दारात कोणीतरी तांदूळ सांडलेत, ते बघ आधी."