तिसावा ठोका

"एकदा ठोके सुरू केले की तीस पूर्ण करायचे. का, ते विचारायचं नाही."

प्रल्हादकाकांचा हा नियम. अमेरिकेतल्या रेडमंडच्या आमच्या मराठी मंडळाची बर्फातली सहल दरवर्षी तेच नेतात.

"काका, ही बर्फाची टेस्ट आहे, सत्यनारायण नाही. मध्येच उठलं म्हणून काय बिघडतं?" मी हसून म्हणाले.

"हस तू. पण पूर्ण कर."

नोव्हेंबर २००६. दुसऱ्या दिवशी सोळा मुलं त्या उतारावर जाणार होती. काकांचा गुडघा दुखत होता, म्हणून काका-काकू खाली गाडीत थांबले आणि मी एकटी वर गेले. विद्यापीठात मी बर्फच शिकत होते.

उताराच्या कडेला खड्डा खणला. तळाशी साखरेसारखा भुसभुशीत थर लागला. भिंतीतून बर्फाचा खांब कापला, त्यावर फावडं ठेवलं आणि हाताने ठोकायला लागले. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांब जितका लवकर सरकेल तितका बर्फाचा कडा कोसळण्याचा धोका जास्त.

एक. दोन. तीन. चार.

खांब अलगद सरकून माझ्या पायांशी आला. मी थांबले. वारा नव्हता. ओल्या लोकरीसारखा वास येत होता.

पाच.

हा ठोका माझा नव्हता. खड्ड्याच्या वरच्या भिंतीतून आला, बर्फाच्या आतून.

सहा... सात... दहानंतर ठोके जड झाले. विसानंतर आणखी जड. मी मोजत राहिले. एकोणतीस.

मग काहीच नाही. कोणीतरी माझी वाट पाहत असल्यासारखं.

फावडं तिथेच टाकून मी खाली उतरले.

काकांनी काच खाली केली. "किती झाले?"

"माझे चार. बाकीचे... एकोणतीसपर्यंत... आतून आले."

मालिनीकाकूंनी डोळे मिटले. "यांचा भाऊ संजीव तिथेच बर्फाखाली गेला गं. सात वर्षं झाली. खांब तुटला म्हणून हे चौथ्या ठोक्यालाच थांबले होते, आणि तरी त्याला पुढे पाठवून..."

"मालिनी, पुरे," काका म्हणाले. "सावनी, वर जा. तिसावा देऊन टाक. मग शांत होतं सगळं. मी दरवर्षी देतो. उद्या काही होणार नाही."

"म्हणजे दरवर्षी खांब तुटतो, आणि तुम्ही तीस भरून मुलांना वर नेता?"

"आजवर काही झालंय का?"

"संजीवकाका गेले ना! मी तिसावा देणार नाही. उद्याची ट्रिप कॅन्सल. आत्ता सगळ्या आईवडिलांना फोन करते."

काकांचा हात डॅशबोर्डवर होता, मधलं बोट तिसाव्या ठोक्यासाठी वाकलेलं. काकूंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं. बोट तरी हलत होतं.