कुद्रेतचा कोट

काम साधं होतं. खालच्या गावात जायचं आणि आपल्या तुर्की तुकडीचे कोट घेऊन यायचे. लढाईला निघताना साहेबांनी हुकूम सोडला होता, जड कोट इथंच टाका, हलक्या अंगानं डोंगर चढा, दोन दिवसांत सारीकामिश शहरातल्या रशियनांच्या उबदार बराकीत झोपाल. आज पाचवा दिवस होता. बर्फ थांबत नव्हता आणि नाईक रेशातची माणसं कड्याखाली पातळ सदऱ्यांत काकडत बसली होती. त्यांतच त्याचा धाकटा भाऊ कुद्रेत होता. साहेबांच्या नावानं बोटं मोडत रेशातनं खेचर हाकललं.

गावातल्या कोठाराच्या दारात मुरसेल नावाचा म्हातारा राखण करत होता. त्यानं आधी शिक्क्याचा कागद मागितला. मग सांगितलं, तुमच्या तुकडीचे कोट पहाटेच गेले, माणसं येऊन घालून गेली.

रेशातचं डोकंच फिरलं. ज्यांना धड उभं राहता येत नव्हतं, ती माणसं डोंगर उतरून येणार कशी?

"आली म्हणतो ना. एक अवाक्षर बोलली नाहीत. त्यांचा नाईक तेवढा ओरडत होता. भारी कटकट्या."

"नाईक मीच आहे, बाबा."

"मग मला कशाला विचारतोस?"

आत तुकडीची जागा खरंच रिकामी होती. परतताना रेशातला म्हाताऱ्याच्या बुडाखाली एक बाही दिसली. कोपराला आईनं लावलेलं निळं ठिगळ. कुद्रेतचाच कोट. म्हातारा उठेना, माझ्या हाडांना थंडी नाही का, म्हणून भांडत राहिला. शेवटी रेशातनं कोट हिसकून घेतला.

वर पोचला तेव्हा वारा पडला होता. कड्याला पाठ टेकून सगळे बसले होते, डोळे उघडे, पापण्यांवर बर्फ. अंगात तेच पातळ सदरे. एकट्या कुद्रेतची छाती हलत होती. रेशातनं त्याला घाईघाईनं कोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, गाल चोळले.

"दादा, पुन्हा आलास?" कुद्रेत पुटपुटला. "सकाळी कोट घातलेल्या सगळ्यांना घेऊन गेलास... मला म्हणालास, तू थांब... तुझा तेवढा सापडत नाही..."

रेशातचे हात थबकले. तो बटणं काढायला धडपडला, पण गारठलेली बोटं वळेनात.

खालच्या वाटेवर बर्फ करकरू लागला. पुष्कळ बूट. आणि त्यांच्या पुढून, रेशातच्याच वैतागलेल्या आवाजात, हाक आली.

"कुद्रेत, चल. मिळाला ना कोट?"