फुली नाल्यात होती

ठण्... फडताळातून पितळी डब्याचं झाकण घरंगळलं आणि धुळ्याच्या त्या घरातली दुपारची शांतता मोडली. डब्याखाली अंथरलेला जुना नकाशा बेबीने ओढून काढला होता.

"आई, ही पेन्सिलची फुली कशाची?"

मंजुळेला हसू आलं. मग तिने लेकीला मांडीवर घेऊन सगळं सांगितलं.

जळगावच्या कॉलेजात भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला वर्गातला शालिग्राम तिच्याशी पहिल्यांदा बोलला, तेव्हा तिने नकाशा उलटा धरला होता.

"तुमची ही पहूरची नदी डोंगर चढतेय," तो हळूच म्हणाला.

मग रोज थोडं थोडं. एक तपकिरी रेषा म्हणजे एकच उंची. रेषा जवळ आल्या की चढ अवघड, लांब गेल्या की सोपा...

"आणि आमच्या घराचा चढ?"

"तुमचे आबा दारात असले, तर सरळ कडाच."

परीक्षा संपली. त्याला नाशिकला नोकरी लागली, ती मावशीकडे पहूरला निघाली. तोंडाने विचारायचा त्याला धीर नव्हता. त्याने नकाशाच हाती दिला.

"रविवारी चारला, या फुलीवर. आलात तर होकार समजेन. नाही आलात तर... पुन्हा विचारणार नाही."

रविवारी ती टेकडीच्या सोंडेवर चढून बसली. फुलीपाशी रेषा टोकदार वळल्या होत्या — म्हणजे सोंडच ना? साडेचार झाले, पाच झाले. चिटपाखरू नाही. थट्टा केली की काय? की आपलंच चुकलं? तिने नकाशा फिरवला, पुन्हा फिरवला... आणि रेषांवरचे बारीक आकडे दिसले. नऊशे, साडेनऊशे, हजार. टोकाकडे आकडे चढत होते. सोंडेवर ते उतरायला हवेत!

सोंड कसली, नाला होता तो. कोरडा, म्हणून निळ्याऐवजी काळ्या रेघेचा. ती रेघ तिने पायवाट धरली होती.

काट्याकुट्यांतून ती धावत उतरली. खाली शालिग्राम भाड्याची सायकल वळवत होता.

"नकार समजून निघालो होतो," तो म्हणाला.

"फुली अशी खड्ड्यात कोण करतं?"

"वर एक झाड नाही. इथे करंजाची सावली आहे... तुला उन्हात कसं उभं करणार?"

आजवर तो 'तुम्ही' म्हणायचा. त्या एका 'तुला'पायी होकार तिच्या तोंडातच राहिला.

बेबीने फुलीवर बोट ठेवलं.

"आई, तू ते आकडे पाहिलेच नसतेस... तर मी कुठे असते?"